चेहरा हिरवा, भिंत गुलाबी: झाडाखालच्या पोर्ट्रेटमध्ये परत परत होणारा रंगाचा घोळ

पावसाळा लागला की बेळगावात, खानापुरात, जांबोटी-कणकुंबीकडं फोटो काढणाऱ्या पोरांची एक तक्रार दरवर्षी कानावर येते. सेट छान लावलेला असतो. नेच्यांचा मुकुट घातलेली वनदेवी, मागं जांभ्याच्या चिऱ्यांची शेवाळलेली भिंत, डोक्यावर फणसाचं झाड. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बरा वाटतो. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडला की चेहरा हिरवट. मग एडिटिंगमध्ये टिंटचा स्लायडर हिरव्याकडून गुलाबीकडं ओढायचा. त्वचा सुधारते, पण मागचा जांभा गुलकंदाच्या रंगाचा होतो आणि नेच्यांची पानं मातकट पडतात. भिंत सावरायला स्लायडर मागं घ्यावा, तर चेहरा पुन्हा हिरवा. "दादा, एक जुळवलं की दुसरं बिघडालंय ओ," हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि विकतच्या प्रीसेटनंही हे सुटत नाही. एकाच चौकटीत दोन वेगवेगळ्या रंगांचे उजेड आलेले असतात. चेहऱ्यावर पानांतून गाळून आणि गवतावरून उसळून आलेला उजेड, भिंतीवर उघड्या आभाळाचा. सगळ्या फोटोवर एकदम चालणारा स्लायडर एकच उजेड दुरुस्त करू शकतो. म्हणून दुरुस्ती जागेवरच व्हायला पाहिजे, शटर दाबायच्या आधी.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

बिघडलेला फोटो उघडा आणि डोळ्यांचा पांढरा भाग मोठा करून बघा. दात दिसत असतील तर तेही. त्वचेच्या रंगावरून काही ठरवू नका, प्रत्येकाची त्वचा वेगळी असते. डोळ्यांचा पांढरा भाग हिरवट आहे, पण मागं भिंतीवर कुठं चुन्याचा ओघळ किंवा करड्या सिमेंटचा पट्टा आहे तो बरोबर दिसतोय, असं असेल तर दोन उजेडांचा घोळ आहे. हा पावसाळ्यातला नेहमीचा रोग. बहुतेक लेख त्याच्यावरच आहे.

डोळे, भिंत, कपडे सगळंच सारख्या प्रमाणात निळं किंवा पिवळं झालं असेल, तर कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग आपोआप जुळवायची सोय, फसलाय. हे सोपं काम. आणि दिव्याखाली काढलेल्या फोटोंत सेटिंग न बदलता एका फोटोत पिवळेपणा, दुसऱ्यात हिरवेपणा येत असेल, तर दिवा लुकलुकतोय. त्याचं शेवटी सांगतो.

हिरवा येतो कुठून

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा बराचसा परत पाठवतं आणि आरपार जाऊही देतं. म्हणजे फणसाखाली उभं राहिलेल्या माणसावर वरून हिरवा उजेड पडतो. पायाखाली गवत किंवा शेजारी भाताचं खाचर असेल तर खालूनही हिरवाच. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण मेंदू क्षणात सवय करून घेतो. कॅमेरा करत नाही.

ढगाळ दिवसात हे आणखी वाढतं. आभाळाचा मऊ उजेड वरून येतो, त्यामुळं भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावली पडते. नेमक्या त्याच सावलीत गवतावरून उसळलेला हिरवा उजेड भरतो. म्हणून हिरवेपणा कपाळावर कमी आणि जबड्याखाली, डोळ्यांखाली जास्त असतो. कपाळ आणि गळा यांच्या रंगात फरक दिसला की समजा, चोर पायाखाली आहे.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात, त्यांच्यामुळंच तो लाल. चेहरा भिंतीला अगदी चिकटून असेल तर त्या बाजूच्या गालावर नारिंगी झाक येते. मग एकाच चेहऱ्यावर खालून हिरवा, बाजूनं नारिंगी. असा फोटो एडिटिंगमध्ये सरळ करणं म्हणजे रात्र वाया घालवणं.

जागेवरचा उपाय: घोंगडं

खरंच घोंगडं. काळं, जाड, लोकरीचं. माणसाच्या पुढं, कॅमेऱ्याच्या बाजूला जमिनीवर पसरा. काळी लोकर गवताचा उसळता उजेड गिळते. माणूस उभा असेल तर घोंगडं लांब पडतं आणि फरक थोडा जाणवतो, म्हणून शक्यतो बसवून फोटो काढा. बसल्यावर मांडीपासून पुढं पसरलेलं घोंगडं चेहऱ्याच्या बरंच जवळ येतं आणि चौकटीच्या खाली लपतंही. काळी ताडपत्री चालत नाही. ती चकाकते आणि ओली झाली की आभाळाचा निळा उजेड वर फेकते.

जांबोटीच्या अलीकडं एका घराच्या परसात एका पोराचा सेट बघितला. त्याची भाची वनदेवी झालेली, डोक्यावर नेचे आणि तेरड्याची फुलं, अंगावर आजीचं पांढरं लुगडं. घोंगड्याआधीच्या फोटोत लुगड्याच्या प्रत्येक घडीची खालची कड पोपटी होती आणि जबड्याखाली बोटभर रुंदीचा हिरवा पट्टा. बाकी काही न हलवता घोंगडं पसरलं. पुढच्या फोटोत घड्यांच्या कडा राखाडी झाल्या आणि जबड्याखालचा पट्टा साधी सावली होऊन गेला. चेहरा किंचित गडद आला, कारण खालून येणारा उजेडच कमी झाला. तो परत आणायला उघड्या आभाळाच्या बाजूनं थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला, चेहऱ्याच्या उंचीवर. पत्रा खाली धरला असता तर त्यानंही गवताचाच रंग उचलला असता.

वरून येणाऱ्या हिरव्यासाठी माणसाला झाडाच्या मधोमध उभं करू नका. पानांची सावली जिथं संपते त्या कडेला आणा आणि तोंड मोकळ्या आभाळाकडं करा. मुकुटावर पानांचा अंधार राहतो, चेहऱ्यावर आभाळाचा स्वच्छ उजेड येतो. वनदेवीसारख्या विषयाला ही मांडणी जास्त शोभते, कारण ती अंधारातून बाहेर येतेय असं वाटतं. भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढं या. नारिंगी झाक लगेच उतरते आणि भिंत थोडी धूसर होऊन तिचा पोत चेहऱ्याशी भांडत नाही.

एवढं करूनही झाक उरली, तर छोटा फ्लॅश कॅमेऱ्यापासून बाजूला, पांढऱ्या छत्रीतून मारा. फ्लॅशचा रंग दिवसाच्या उजेडाच्या जवळचा असतो, तो हिरव्यावर मात करतो. पण हा शेवटचा उपाय. ढगाळ उजेडातलं शेवाळ आणि जुनी भिंत जे काही बोलतात, ते फ्लॅश जरा जास्त झाला की बंद होतं.

दोन कार्डांची परीक्षा

उजेड एकसारखा झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. दोन सारखी कार्डं घ्या. एक माणसाला चेहऱ्यापुढं धरायला सांगा, दुसरं मागच्या भिंतीला टेकवा. दोन्ही एका फोटोत घ्या. एडिटिंगमध्ये रंग टिपायची पिचकारी आधी एका कार्डावर, मग दुसऱ्यावर ठेवा आणि टिंटचा आकडा वाचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर पुढं चला. चेहऱ्याकडचा आकडा गुलाबीकडं बराच सरकलेला आला, तर चेहऱ्यावर हिरवं अजून शिल्लक आहे. पुन्हा घोंगडं, पुन्हा जागा.

कार्ड कसलं, हा प्रश्न हमखास येतो. १८ टक्के करडं कार्ड दुकानात मिळतं, ते उत्तम. छपाईचा पांढरा कागद टाळा, कारण त्यात चमक आणणारी रसायनं असतात. ती उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात, कॅमेरा ते निळं खोडायला जातो आणि फोटो पिवळा पडतो. नीळ दिलेला धुवट पांढरा शर्टही तसलाच. नळजोडणीवाले आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप मात्र फार चांगली. टेफ्लॉन सगळे रंग जवळपास सारखेच परत पाठवतं. जुन्या एटीएम कार्डावर तिचे भरपूर थर द्या, खालचा रंग दिसता कामा नये. फोटोत टेप पूर्ण पांढरी फटक होऊ देऊ नका. तशी झाली की तिच्यातून रंगाची काही माहिती मिळत नाही.

व्हाइट बॅलन्स लावा आणि हात काढा

ऑटो व्हाइट बॅलन्स ढोबळमानानं असं धरून चालतो, की चौकटीतले सगळे रंग मिसळले तर करडा होतो. शहरातल्या रस्त्यावर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. खानापूरच्या रानात अर्धी चौकट हिरवी आणि अर्धी लाल असते. कॅमेरा जवळ गेला की भिंत जास्त, मागं आला की पानं जास्त, आणि दरवेळी ऑटो नवीन निकाल देतो. एकाच सेटचे फोटो एका रंगाचे न येण्याचं कारण हेच.

म्हणून उजेड सरळ झाला की त्याच कार्डावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा. ते जमत नसेल तर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापाचा, आकडा हातानं द्या. उघड्या दिवसाला साधारण ५५००, ढगाळ आभाळाला ६५००, गडद सावलीला ७००० ते ८०००. केल्विनचा स्लायडर निळं-पिवळं बघतो, हिरवं-गुलाबी टिंट बघतं. केल्विन कितीही ओढला तरी हिरवेपणा जात नाही, हे माहीत नसल्यामुळं पुष्कळ लोक फोटो पिवळाजर्द करून ठेवतात.

शक्य असेल तिथं रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग पक्का न केलेली कच्ची फाईल घ्या. जेपीईजीमध्ये रंगाचा निर्णय कॅमेऱ्यानं आधीच करून टाकलेला असतो, नंतर ओढाताण केली की शेवाळाच्या गडद भागात रंगाचे पट्टे फुटतात.

जुन्या भिंतींचं वेगळं दुखणं

रंग जुळला तरी भिंत मेलेली दिसते, अशीही तक्रार असते. बहुतेक वेळा तो एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला याचा, प्रश्न निघतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून मोजतो. शेवाळानं काळी पडलेली भिंत दाखवली की तो उजेड वाढवतो, काळं राखाडी होतं आणि पुढचा चेहरा पांढराफटक होतो. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). चुना मारलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंतीला नेमकं उलट, तेवढंच वाढवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या इ. स. १२०४ मधल्या काळ्या दगडाच्या वास्तूत, खांबांच्या आत उभं राहून बाहेरच्या उजेडाकडं बघत फोटो काढला तर मीटरची पार तारांबळ उडते. तिथं स्पॉट मीटरिंगनं फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजून एक्स्पोजर लॉक करा.

जांभ्याची अडचण आणखी सूक्ष्म. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लाल रंग एवढा भरतो की एकट्या लाल चॅनेलची मर्यादा संपते. साधा हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ किती ते दाखवणारा आलेख) सगळं ठीक दाखवतो, पण चिऱ्याची भोकं, खाचा, धार सगळं नाहीसं होऊन लाल लगदा उरतो. जास्वंद आणि गुलमोहराचंही हेच होतं. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रेघ उजव्या कडेला आपटतेय का ते बघा. आपटत असेल तर एक्स्पोजर कमी करा. गडद भाग नंतर उचलता येतो, गेलेला लाल परत येत नाही.

जांभा पावसानंतर तासाभरात सगळ्यात देखणा दिसतो. पाणी भोकांत शिरलं की पृष्ठभागावर विखुरणारा पांढरट उजेड कमी होतो आणि खरा रंग वर येतो. आपल्या परसातल्या गडग्यावर हवं तर झारीनं पाणी शिंपडा. पण देवळाच्या, किल्ल्याच्या भिंतीवर पाणी मारणं, शेवाळ खरवडणं, मुकुट अडकवायला खिळा ठोकणं हे करू नका. हलशीच्या कदंबकालीन देवळांपासून किल्ल्यापर्यंत आपल्याकडं जे टिकलंय, ते फोटोपेक्षा मोठं आहे. संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, तीही विचारून घ्या.

पानं पांढरट, प्लास्टिकसारखी दिसतात

पानावर मेणचट थर असतो. त्यावर आभाळ चमकतं आणि हिरवा रंग त्या चमकेखाली दबतो. अळू, फणस, काजू यांच्यावर हे फार. लोक इथं सॅच्युरेशन वाढवतात, मग चमक तशीच राहते आणि उरलेलं पान पोपटी होतं. याला उपाय वर्तुळाकार पोलरायझर, म्हणजे चमक अडवणारा काचेचा फिल्टर. लेन्सवर लावून हळूहळू फिरवा, चमक जाताना डोळ्यांना दिसते. पानाच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनात बघितलं की परिणाम सगळ्यात जास्त. एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो, झाडाखाली तो परवडेल का बघून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा. वाऱ्यात पान हलत असेल तर शटर हळू करू नका.

चेहरा चौकटीत असेल तर पोलरायझर पूर्ण फिरवू नका. त्वचेवरची सगळी चमक गेली की चेहरा मातीचा वाटतो. पानांची निम्मी चमक जाईल तिथं थांबा. मोबाईलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवावी, हे काम करतं, फक्त काचेची स्वतःची झाक असते म्हणून व्हाइट बॅलन्स काच धरल्यावरच लावा.

नुसत्या वनस्पतींचे फोटो काढणाऱ्यांनी जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्टचं काम जरूर बघावं. त्यानं कोंब, कळ्या, नेच्यांची गुंडाळी साध्या करड्या-पांढऱ्या पुठ्ठ्यापुढं, मऊ उजेडात, कितीतरी पट मोठी करून टिपली. मागं रंगच नसल्यामुळं रंगाचा झगडाही नाही. सोनकी किंवा कुड्याची शेंग अशी एकदा काढून बघा.

मोबाईलमध्ये आधी काय बंद करायचं

दृश्य ओळखून रंग बदलणारी एआय सोय, ब्युटी फिल्टर आणि रात्रीचा पिवळा स्क्रीन मोड. पहिली हिरवळ ओळखते आणि पानं भडक करते, दुसरा त्वचा वेगळी रंगवतो, तिसऱ्यामुळं तुम्हीच फसता. मग प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हातानं लावा, सोय असेल तर रॉ चालू करा. नेच्यांच्या मुकुटाला पोर्ट्रेट मोड वापरू नका. मागचं धूसर करताना तो बारीक पानांचे शेंडे कापतो.

एडिटिंग, उरलंसुरलं

कार्डावरून टिंट, मग एक्स्पोजर, मग बाकी सगळं, हा क्रम सोडू नका. उजेड सरळ करूनही गळ्याखाली थोडा हिरवा उरला असेल तर मास्क वापरून फक्त तेवढाच भाग निवडा आणि तिथंच टिंट किंचित हलवा. पानं जास्त पोपटी वाटली तर हिरव्याच्या आधी पिवळ्याचं सॅच्युरेशन कमी करा. आपल्याला जे हिरवं दिसतं त्यात पिवळ्याचा वाटा मोठा असतो. जांभ्याला हात लावायचा झाला तर नारिंगी स्लायडर जपून, कारण त्वचाही त्याच पट्ट्यात येते.

दिव्याखालचे फोटो

दिवाळीत किल्ल्यांपुढं पोरांना मावळे करून काढलेल्या फोटोंत वेगळाच घोळ असतो. अंगणात पिवळा बल्ब, शेजारी पांढरी एलईडी ट्यूब, पायाशी पणत्या. पणतीचा उजेड २००० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २७०० ते ३०००, पांढरी ट्यूब ६५००. तिन्ही एकदम जुळत नाहीत. ट्यूब बंद करा, पणत्या आणि पिवळा बल्ब ठेवा, केल्विन ३००० च्या जवळ लावा. पणत्या लालसर राहतील, त्या तशाच हव्यात.

स्वस्त एलईडी पॅनेलमध्ये लाल प्रकाश कमी असतो. त्याच्याखाली किल्ल्याची लाल माती आणि पोरांचे गाल दोन्ही फिके, हिरवट पडतात आणि व्हाइट बॅलन्सनं ते भरून येत नाही, कारण उजेडातच जे नाही ते कॅमेरा कुठून आणणार? पॅनेल घेताना सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, ९० च्या वर आहे का बघा. आणि फोटोगणिक रंग बदलत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्या हिशेबात बसलं की प्रत्येक फोटोला पूर्ण ठोका मिळतो.

छापायला देताना फाईल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत काढा. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत दिलेली फाईल बऱ्याच ठिकाणी फिकी छापली जाते आणि मग सगळा दोष पुन्हा व्हाइट बॅलन्सवर येतो. आधी एकच छोटी प्रिंट मागवा, ती दिवसा खिडकीपाशी नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग आणि चिऱ्याची भोकं बघा, आणि मगच मोठ्या आकाराची ऑर्डर द्या.